पाटावरचा पाना

३० सप्टेंबर २०२५, मंगळवार. अष्टमी

आज दुपारभर अंगणात विनिताच्या मोटरसायकलपाशी बसलो होतो. मजा आली. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवलं, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण पाना हातात आला की माझी कंबर अजून दुखायची थांबते. हे शालिनीला सांगितलं तर म्हणाली, "मग भाजी चिरायला घ्या, सुरीनंही थांबेल." आमच्या सौभाग्यवतींना यंत्रविद्येत रस नाही.

विनिता म्हणजे आमची सून, मोहितची बायको, देवासची. लग्नात तिनं माहेराहून कपाट आणलं नाही, पलंग आणला नाही, वारलेल्या वडिलांची मोटरसायकल आणली. शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीला आठ दिवस दुसरा विषय नव्हता. ती घरोघर जाऊन आजारी माणसांना व्यायाम देते, फिजिओथेरपी. दाना ओली, थाटीपूर, मुरार अशा शहरभरच्या वस्त्यांत, दिवसाला पाच-सहा घरं. गाडी नसेल तर तिचं काम बंद.

चेन फार ढिली झाली होती, खडखडत होती. मागच्या ॲक्सलचा नट सैल केला आणि डावीकडचा ॲडजस्टर दोन आटे कसला. आता उजवीकडचाही तेवढाच कसायचा, म्हणजे चाक सरळ राहतं आणि चेन पुढच्या-मागच्या दातेरी स्प्रॉकेटवर, म्हणजे गरारीवर, एका रेषेत धावते. साधी गोष्ट आहे. चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं त्यांना मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. त्याच्यावर दोन्ही बाजूंना खुणा पाडलेल्या असतात. डावीकडे तिसरी, तर उजवीकडेही तिसरी. विषय संपला.

विनिता चहा घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, "बाबा, दोरी लावून बघायची का? पप्पा दोन्ही चाकांना दोरी ताणून बघायचे. म्हणायचे, जुन्या गाडीच्या खुणांवर भरवसा नको."

मी म्हणालो, "तुझे पप्पा शाळेत इतिहास शिकवायचे. मी मोजमाप शिकवलंय."

हसली आणि रिकामा कप घेऊन आत गेली.

उजव्या बाजूला पाना लावणार तेवढ्यात शालिनी ताम्हन घेऊन हजर. उद्या खंडेनवमी. आमच्याकडे आदल्या संध्याकाळीच सगळी हत्यारं पाटावर मांडली जातात. पणजोबांची तलवार मधोमध, तिच्या शेजारी माझे पाने आणि माप घ्यायचा वर्नियर, झालंच तर विनिताची ती गुडघ्यावर मारायची रबरी हातोडीसुद्धा. एकदा पाटावर गेलेलं हत्यार दसऱ्याच्या दुपारी अक्षता टाकून हलवेपर्यंत उचलायचं नाही. तेवढे दोन दिवस हत्यारांची सुट्टी. नट हातानं फिरवून बसवला, पाना पुसून दिला. उरलेलं दसऱ्याला दुपारी करू. दोन मिनिटांचं काम आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पूजा यथासांग झाली. गाडीलाही हळदकुंकू, झेंडूची माळ; पूजेची म्हणून आज ती जागची हलवली नाही. महिपतदादा सकाळीच आले, माझे चुलत भाऊ, सुभेदार होऊन निवृत्त झालेले. दसऱ्यापर्यंत राहणार आहेत. त्यांनी पाटावरची हत्यारं निरखून बघितली आणि म्हणाले, "दौलत, पाने काय चकचकीत ठेवलेत!" मी म्हणालो, "या घरात मिस्त्रीचा हात गाडीला लागत नाही, दादा." दादा इतर कुणाची तारीफ करत नाहीत, त्यामुळे जेवण दोन घास जास्तच झालं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

अक्षर नीट येत नाहीये.

विनिता पडली. जयेंद्रगंजच्या वळणावर चेन निघाली, मागच्या चाकात अडकली आणि चाक जागीच जाम झालं. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. गुडघा सोलला आहे. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून वाचली. मोहित तिला घेऊन दवाखान्यातून चारला आला. दीड महिना प्लास्टर.

सकाळी सगळं किती छान होतं. आज सुट्टी, म्हणून ती कुठे जाणार नाही असं मी धरून चाललो होतो. पण दाना ओलीतल्या वनमालाबाईंना अर्धांगाचा झटका आलेला, त्यांच्या व्यायामाला सुट्टी नसते म्हणाली. माझ्या आणि दादांच्या पाया पडली, माळ घातलेली गाडी काढली. फाटकातून बाहेर पडताना मी हात वर केला. तिनं आरशात बघितलं आणि हॉर्न वाजवला.

तिथे खड्डा होता म्हणे. तो रस्ता खराबच आहे.

सोनं द्यायला आज कुणाकडे गेलो नाही. मांढऱ्याच्या मातेच्या देवळातही नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज घरात गाडीवरून बोलणं झालं. म्हणजे दादा बोलले, अपघातामुळे ते अजून इथेच आहेत. "बायकांनी स्कूटर चालवावी, नाही म्हणत नाही मी. पण मोटरसायकलला मनगटात जोर लागतो. सूनबाईला सावरता आली नाही, एवढीच गोष्ट आहे." मोहित आधीच घाबरलेला. तो म्हणाला, "मीही किती दिवसांपासून बोलून राहिलोय, यार. खड्डा दिसल्यावर ब्रेक कसा मारायचा, हे पण समझायला पाहिजे ना."

विनिता म्हणाली, "मी ब्रेक मारलाच नव्हता."

"तेच तर," दादा म्हणाले.

मी चहा पीत होतो. कपात काही उरलं नव्हतं तरी पीत होतो.

खंडेनवमी मध्ये आली नसती तर त्याच संध्याकाळी काम पुरं झालं असतं. पाना पाटावर होता. पूजेतलं हत्यार उचलायचं नाही ही रीत काही मी काढलेली नाही. असं मी दोन दिवस स्वतःला सांगतोय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

गाडी कुशवाह मिस्त्रीकडे नेऊन टाकली आहे. म्हणजे मोहितनं नेली. या घरात मिस्त्रीचा हात लागत नाही म्हणणारा मी, आज त्याच्या दुकानात स्टुलावर बसून होतो. कुशवाहनं चेन कव्हर खोलून ठेवलं होतं. स्प्रॉकेटचे दाते एका बाजूनं खरवडलेले, चेनच्या कड्या आतून घासून चमकत होत्या. वाकडं धावल्याशिवाय अशी चमक येत नाही, हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवायचो.

"ये देखिए बाबूजी," तो म्हणाला, "बाईं तरफ़ दो चूड़ी कसी है, दाईं तरफ़ कुछ नहीं. और नट तो उँगली से घूम गया. पहिया तिरछा हो गया, गरारी ने चेन फेंक दी. गड्ढे का क्या, बिना गड्ढे भी उतरती. किसने किया था?"

मी म्हणालो, "रास्ते का कोई मिस्त्री था."

सहासष्ट वर्षांचा माणूस, सरळ तोंडावर खोटं बोललो. कुशवाहनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि हात पुसत म्हणाला, "बहूजी का भी फोन आया था कल. यही सब पूछ रही थीं."

गाडी कधी मिळेल असं विचारलं असेल. वडिलांची गाडी, जीव अडकलेला असणार.

११ ऑक्टोबर, शनिवार

शालिनी रोज विनिताची वेणी घालते. भात कालवून देते. विनिताला डाव्या हातानं चमचा धरता येतो, पण डाळ सांडते, मग ती माझ्यासमोर जेवायला बसत नाही. मी उठून गेल्यावर बसते. मी म्हणून लवकर उठतो.

आज दुपारी ओट्यावर बसली होती. म्हणाली, "बाबा, ॲक्सलचा नट किती कसायचा असतो?"

"पूर्ण," मी म्हणालो.

"आणि अर्धा राहिला तर?"

"तर... चाक सरकतं. चेन ज्या बाजूला ओढेल त्या बाजूला सरकतं."

"हां," ती म्हणाली. मग थांबून पुन्हा म्हणाली, "ते गाडी चालवणाऱ्याला कळतं का आधी?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही," आणि दही आणायला निघून गेलो. घरात दही होतं. बिचारी नुसती बसून कंटाळते, काहीबाही विचारत राहते. पुस्तकं आणून द्यायला हवीत.

एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती लिहितो. अष्टमीला शालिनी ताम्हन घेऊन आली तेव्हा म्हणाली होती, "तुमचं काम अर्धं असेल तर पाना असू द्या. उद्या सकाळी पूजेच्या आधी ठेवू." मीच म्हणालो, "राहू दे गं, दसऱ्याला करीन." कारण विनितानं दोरीचा विषय काढला होता आणि मला पुन्हा तो विषय नको होता. पाना मी स्वतःच्या हातानं पाटावर ठेवला. शालिनीनं नाही आणि रीतीनंही नाही. रीतीच्या आड लपून बसलो होतो, झालं.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या दिवाळी. शालिनीनं हौसेनं चिरोटे केलेत, कुणी फारसे खात नाही.

मोहितनं सकाळी जाहीर केलं की भाऊबीज झाली की गाडी विकायची. दादांनी मुरारचं गिऱ्हाईक शोधलंय. "विनिता, तू क्लिनिकमध्ये बस ना. लोक येतील तुझ्याकडे. घर-घर फिरना अब बंद."

विनिता म्हणाली, "जे अंथरुणातून उठू शकत नाहीत ते क्लिनिकमध्ये कसे येतील?"

"ते दुसऱ्या कुणाला बोलावतील ना."

तेव्हा ती एकदम माझ्याकडे वळली. "बाबा म्हणतील तसं," म्हणाली. "बाबांना गाडीतलं कळतं. बाबांनी सांगावं, माझी चूक होती म्हणून गाडी विकायची का."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "हं... बघू."

किती मानते ही मुलगी मला! आणि मी मूग गिळून बसलो. तिनं मान खाली घातली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. मग मोहित म्हणाला, "मग फायनल."

माझी मलाच किळस आली. जेवलो मात्र. दोन पोळ्या खाल्ल्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

देवासहून विनिताचा भाऊ यायचा होता, तिनं त्याला येऊ नको म्हणून कळवलं. का, ते सांगितलं नाही. वडिलांची गाडी विकायला काढली आहे हे त्याला दिसू नये, दुसरं काय.

आज खरं लिहून टाकतो. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, आणि तरी मी वहीशीसुद्धा खोटं बोललो.

दसऱ्याला सकाळी ती पाया पडली तेव्हा मला आठवलं नव्हतं. तिनं गाडी स्टँडवरून काढली तेव्हाही नाही. ती फाटकापाशी पोचली आणि तिथला उंबरठा ओलांडताना मागचं चाक जरासं लटपटलं. मला लख्ख आठवलं. नट. माझा हात वर गेला, तो तिला थांबवायला. तोंड उघडलं होतं. शेजारी दादा उभे होते. त्याच क्षणी म्हणत होते, "काय चालते गाडी! तुझाच हात आहे दौलत, बाजारातल्या मिस्त्रीची बात नाही." मला वाटलं, आता हाक मारली तर सांगावं लागेल की काम अर्धवट ठेवलंय. दाना ओली काय, दोन किलोमीटर. परत आली की लगेच कसू. मी हात हलवला, निरोप दिल्यासारखा. तिनं हॉर्न वाजवला.

म्हणजे विसरलो असं म्हणायचीही सोय नाही. मला माहीत होतं आणि मी तिला जाऊ दिलं. दादांनी पाठ थोपटली होती, एवढ्यासाठी. तिचं डोकं फुटलं असतं तर? हा प्रश्न मी रोज वीस वेळा विचारतो, आणि रोज त्याच्या पुढचं वाक्य मनात येऊ देत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

विनितानं डाव्या हातानं व्यायामाचा कागद लिहिला होता, चित्रं काढून. तो वनमालाबाईंना पोचवायला मी दाना ओलीत गेलो. मीच म्हणालो, मी जातो. वनमालाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, बोलणं जरा जड पण शब्द कळतात. गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"विनिताचे सासरे का? या." मग म्हणाल्या, "मुलगी पडली कशी हो? मी इथून रोज बघते. वळायच्या आधी मान मागं करून बघते ती. असं कुणी बघत नाही आजकाल."

मी कागद दिला.

"दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी सहा पावलं टाकली होती. तिनं मोजली. आता चारच होतात. घरचे धरतात पण ओढतात हो. तिला बरोबर कळतं किती धरायचं."

मी म्हणालो, मी धरू का? त्यांनी माझा दंड पकडला. गॅलरीतून पलंगापर्यंत निघालो. चौथ्या पावलाला पाय थरथरला आणि त्या थांबल्या. "बस्स," म्हणाल्या. त्यांना पलंगावर बसवताना मला घाम फुटला होता.

"चूक कुणाची होती?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून आलं, "रस्त्याची."

जिना उतरून खाली आलो आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. म्हटलं दौलतसिंह, आता किती लोकांना पाडणार आहेस तू त्या एका नटानं?

२ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. सगळं क्रमानं लिहितो.

अकराला गिऱ्हाईक आलं, बरोबर दादा. मुरारचे कोणी सद्गृहस्थ, पांढरा शर्ट, फार सावकाश बघणारे. गाडी कुशवाहकडून दुरुस्त होऊन आठवड्यापूर्वीच आली आहे, अंगणात डबल स्टँडवर होती. त्यांनी मागचं चाक हातानं फिरवलं, वाकून चेन बघितली.

"सुना है, चेन उतर गई थी?"

दादा म्हणाले, "गाड़ी में कोई खोट नहीं साहब. बहू से सँभली नहीं, बस."

विनिता ओट्यावर उभी होती, प्लास्टरचा हात छातीशी. ती दादांकडे बघत नव्हती आणि त्या गृहस्थांकडेही नाही. माझ्याकडे बघत होती. अगदी शांतपणे, दवाखान्यात नंबर यायची वाट बघणारं माणूस बघतं तशी.

मी म्हणालो, "नट मैंने ढीला छोड़ा था."

कुणाला कळलंच नाही. दादा म्हणाले, "काय बोलतोयस, दौलत?"

मग मी मराठीत बोललो आणि थांबलो नाही. "तिच्या चालवण्यात काही चूक नव्हती. मी अष्टमीला एक बाजू कसली, दुसरी सोडली आणि नट हातानं बसवून गाडी उभी केली. चाक तिरकं झालं, चेन निघाली. कुशवाहनं मला दाखवलं, मी त्याच्याशीही खोटं बोललो. महिनाभर तुम्ही तिला बोलत होतात आणि मी चहा पीत बसलो होतो. ही गाडी विकायची नाही."

ते गृहस्थ म्हणाले, "मैं फिर कभी आता हूँ," आणि चपला घालून गेलेसुद्धा.

मोहित लाल झाला होता. "एक महीना, बाबा! मी तिला काय-काय बोललो या एक महिन्यात... और आप सुनते रहे?" तो गच्चीवर निघून गेला. शालिनी पायरीवर बसली. "मी म्हटलं होतं, पाना असू द्या," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "हो. म्हटलं होतंस."

दादांनी एकदा मिशीवरून हात फिरवला. मग विनितापाशी गेले आणि म्हणाले, "सूनबाई, माझं चुकलं." झालं. त्यांना अर्धं मिनिट लागलं नाही. मला महिना लागला.

सगळे पांगल्यावर विनिता म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"पडले तेव्हा गाडी माझ्या शेजारीच होती. डावीकडे तिसऱ्या खुणेवर, उजवीकडे पहिल्या. मग कुशवाहजींना फोन केला, ते नटाचं बोलले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? महिपतकाका म्हणाले असते, स्वतः पडली आणि सासऱ्यावर ढकलून राहिली." ती जरा थांबली. "आणि मला वाटत होतं, तुम्ही सांगाल. रोज वाटायचं. म्हणून विचारत होते."

ते दह्याच्या दिवशीचे प्रश्न! मी तिला वाचायला पुस्तकं आणणार होतो.

मला वाटलं, आता संपलं. छाती हलकी व्हायला लागली होती. तेवढ्यात ती म्हणाली, "एक विचारू? फाटकातून निघताना मी आरशात बघितलं. तुम्ही हात वर केला होता. आणि तोंड उघडं होतं. ते काय होतं?"

हे मी सांगणार नव्हतो. हे वहीपुरतंच होतं. तिनं विचारलं नसतं तर मी तेवढ्यावर भागवून, हलका होऊन जेवायला बसलो असतो.

"तुला थांबवत होतो," मी म्हणालो. "नट तेव्हाच आठवला होता. पण दादा शेजारी उभे होते, माझी तारीफ करत होते. मग मी हात नुसता हलवला."

अंगणात शेजारच्यांची मांजर आली, तिनं चाकाचा वास घेतला आणि गेली.

"विसरलात, ते मी केव्हाच सोडून दिलं होतं," विनिता म्हणाली. "हे मला माहीत नव्हतं."

आणि आत गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय, पूर्ण वळत नाही. स्वतःच स्वतःला व्यायाम देते, गरम पाण्यात हात बुडवून. दुखतं तेव्हा ओठ आवळते, माझ्या खोलीपर्यंत आवाज येऊ देत नाही.

माझ्याशी बोलते. चहा देते, औषध घेतलंत का विचारते. पूर्वीसारखं हसत नाही. मी मागणार तरी काय तिच्याकडे?

मोहित आता तिला सोडायला वनमालाबाईंकडे जातो, ऑफिसच्या आधी. त्यानं तिची माफी मागितली असं शालिनीकडून कळलं. माझ्याशी तो कामापुरतं बोलतो. बरोबर आहे त्याचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी विनिता सुतळीचं बंडल घेऊन अंगणात आली. "बाबा, चेन बघायची आहे. तुम्ही येता?"

मी पाना आणायला वळलो. ती म्हणाली, "पाना माझ्याकडे आहे. तुम्ही दोरी धरा."

मी दोरीचं टोक धरलं. मागच्या टायरला वेढा घालून दोन्ही बाजूंनी दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणायची. चाकं एका रेषेत असली तर पुढच्या टायरच्या दोन्हीकडे सारखी फट राहते. एकतीस वर्षं मोजमाप शिकवलं आणि हे मी आयुष्यात केलं नव्हतं, कारण खुणा होत्या ना.

आधी तिनं माझ्या पद्धतीनं दोन्हीकडे तिसरी खूण जुळवली. "बघा," म्हणाली. मी वाकलो. डावीकडे करंगळी जात होती, उजवीकडे नखसुद्धा जात नव्हतं. चिमटा कधीतरी जरासा वाकलेला असणार. म्हणजे मी त्या दिवशी काम पुरं केलं असतं तरी वाकडंच केलं असतं, आणि वर खुणा जुळल्या म्हणून ताठ मानेनं फिरलो असतो.

तिनं उजवा ॲडजस्टर पाऊण आटा फिरवला, पुन्हा दोरी. पाव आटा, पुन्हा दोरी. मनगट दुखलं की थांबायची. मी दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. फट सारखी झाल्यावर नट कसायला मात्र तिचा जोर पुरेना. तिनं पाना माझ्याकडे दिला. मी कसला. मग ती म्हणाली, "परत एकदा." मी परत कसला.

"इतिहासाचे मास्तर बरोबर होते," मी म्हणालो.

"पप्पा तीन वेळा चुकून मग शिकले होते," ती म्हणाली, आणि जरासं, अगदी जरासं, हसली.

१ डिसेंबर, सोमवार

आज विनिता दोन महिन्यांनी गाडी घेऊन कामाला गेली. पहिलं घर वनमालाबाईंचं. दादाही आज आले आहेत, ओट्यावर पेपर वाचत होते.

तिनं हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि फाटकापाशी जाऊन थांबली. मागे वळून बघितलं नाही. आरसा नीट केला आणि त्यात माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं ती कशासाठी थांबली आहे. काही राहिलं असेल तर या वेळी मी हाक मारायची होती. मी नट बघितला होता, चार वेळा. चेन बघितली होती. ब्रेक बघितला होता. तरी चाकांपासून वरपर्यंत पुन्हा सगळी गाडी बघितली, सावकाश, आणि मग दिसलं.

"साइड स्टँड!" मी ओरडलो. "विनिता, थांब! साइड स्टँड खाली आहे!"

इतक्या जोरात ओरडलो की दादांच्या हातातला पेपर पडला आणि समोरच्या किराणा दुकानातली माणसं बाहेर आली. तिनं पायानं स्टँड वर केला, आरशात बघून मान हलवली आणि गेली.

दादा म्हणाले, "अरे, एवढं ओरडायला काय झालं?"

मी फाटकापाशी गेलो. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत फाटकात उभा होतो. वळायच्या आधी तिनं मान मागं करून बघितलं.

साडेबाराला तिचा फोन आला. वनमालाबाईंची पाच पावलं झाली.